टर्मिनल उघडायला वेळ का लागतो? फोन बदलण्याआधी एक फाईल तपासा

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू करतो. धडगाव तालुक्यातल्या एका श्रोत्याची आहे. नाव घेऊ नका म्हणालाय, म्हणून घेत नाही. शिकायला शहाद्याला असतो. लॅपटॉप नाही, सगळं शिकणं फोनवर. टर्मक्स टाकलंय, त्यात पायथन, गिट, थोडं थोडं सी चालू आहे.

त्याचं म्हणणं असं. टर्मक्स उघडलं की काळा पडदा येतो आणि डॉलरचं चिन्ह दिसेपर्यंत नुसतं बघत बसायचं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. गंमत म्हणजे शहाद्याला दोन-तीन सेकंदांत उघडतं, आणि सुट्टीत घरी डोंगरात गेलं की दहा-दहा सेकंद. फोन तोच, ॲप तेच. शेवटी विचारतो, "दादा, फोन जुना झाला का? हप्त्यावर नवीन घेऊ का?"

मी त्याला म्हटलं, थांब. हप्ता लावू नकोस. आधी एक फाईल तपासू.

एक सूचना. कमांड मी बोलून सांगतोय, त्यामुळे खाली लिहितानाही बोलल्याप्रमाणेच ठेवल्यात. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

शेल उघडताना होतं काय?

शेल म्हणजे तुम्ही लिहिलेली ओळ वाचून त्याप्रमाणे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम. टर्मक्समध्ये आपोआप मिळतो तो बॅश. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाहेर आला. बॅश सुरू झाला की तुमच्यासमोर यायच्या आधी काही फाईली वाचतो. त्यातली तुमच्या हातातली मुख्य फाईल म्हणजे होम फोल्डरमधली डॉट बॅशआरसी. तिच्यातली प्रत्येक ओळ वरून खाली, एकामागून एक चालते. शेवटची ओळ संपल्याशिवाय डॉलरचं चिन्ह येत नाही. मधली एक ओळ अडली की सगळं अडलं.

ही पद्धत जुनी आहे. १९७९ च्या युनिक्समध्ये बॉर्न शेल आला, तेव्हा लॉगिन करताना डॉट प्रोफाइल नावाची फाईल वाचली जायची. माणूस सकाळी टर्मिनलसमोर बसला की एकदा लॉगिन करायचा, तयारी एकदा व्हायची, मग काम. आज आपण काय करतो? नवीन सेशन उघडलं, नवीन शेल. टीमक्समध्ये पडदा दोन भागांत केला, अजून एक शेल. आणि प्रत्येक वेळी तीच सगळी तयारी पहिल्यापासून.

म्हणजे दुखणं इथे आहे. शेल स्वतः हळू नसतो. ज्याचं उत्तर कालही तेच होतं, आजही तेच आहे, ते काम तो दर वेळी नव्याने करत बसतो.

आधी मोजा

अंदाजाने फाईल कापायला बसू नका. आधी मोजा. कमांड अशी: टाइम, स्पेस, बॅश, स्पेस, डॅश आय, स्पेस, डॅश सी, स्पेस, एक्झिट. अर्थ असा की एक नवा बॅश सुरू कर, समोर माणूस बसलाय असं समजून सगळी तयारी कर, आणि लगेच बाहेर पड. किती वेळ लागला ते सांग.

ही कमांड तीन-चार वेळा चालवा. पहिल्या वेळी फाईली स्टोरेजमधून वाचाव्या लागतात, नंतर त्या मेमरीत सापडतात. त्यामुळे पहिला आकडा बहुतेक वेळा मोठाच येतो.

मग दुसरी कमांड. तीच, फक्त बॅश या शब्दानंतर डॅश डॅश नोआरसी असं घाला. आता तुमची बॅशआरसी न वाचता शेल उघडेल. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या फाईलने खाल्लेला वेळ. दुसराच आकडा मोठा असेल, तर मात्र दोष फोनचा किंवा भरलेल्या स्टोरेजचा असू शकतो. पण दुसरा छोटा आणि पहिला मोठा असेल, तर नवीन फोन घेऊनही हीच फाईल तुमच्यासोबत येणार आहे. दुखणं नव्या घरात राहायला गेलं, इतकंच.

आता उत्तरात तीन ओळी दिसतील: रिअल, यूझर आणि सिस. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने गेलेला वेळ. यूझर आणि सिस म्हणजे प्रोसेसरने खरोखर राबून घालवलेला वेळ. हे नीट ऐका, कारण आपल्या श्रोत्याचं कोडं इथेच सुटलं. त्याने घरून तिन्ही ओळी पाठवल्या. रिअल नऊ सेकंदांच्या पुढे. यूझर आणि सिस मिळून एक सेकंदसुद्धा नाही. म्हणजे फोन राबत नव्हता. फोन कशाची तरी वाट बघत बसला होता.

डोंगरात गेल्यावरच का?

त्याला बॅशआरसी पाठवायला सांगितली. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यात एक ओळ टाकलेली होती: कर्ल वापरून इंटरनेटवरून हवामान आणायचं आणि टर्मिनलच्या डोक्यावर छापायचं. दिसायला छान. शहाद्यात रेंज चांगली, हवामान पटकन यायचं, म्हणून कळलंच नाही. धडगावकडे सातपुड्यात रेंज येते-जाते. नेट अजिबात बंद असतं, तर कर्लने बहुधा लगेच एरर देऊन वाट मोकळी केली असती. पण अर्धवट रेंज असली की ते बिचारं पत्ता शोधत, जोडणी करत, उत्तराची वाट बघत बसतं. आणि त्याच्यामागे अख्खा शेल रांगेत उभा.

म्हणून पहिला नियम: शेल उघडताना इंटरनेटला हात लावायचा नाही. हवामान नको, पॅकेज अपडेट नको, गिट पुल नको. हवामान हवंच असेल तर त्याचं एक फंक्शन करा, नाव द्या "हवा". जेव्हा बघायचं तेव्हा टाइप करा. फंक्शन नुसतं लिहून ठेवायला वेळ लागत नाही, वेळ लागतो ते चालवायला.

ती एक ओळ काढली आणि घरचा आकडा शहाद्याच्या आकड्याइतका झाला. पण शहाद्यालाही दोन-तीन सेकंद लागतातच ना? तो वेळ कुठे जातो ते आता बघू.

कुठली ओळ वेळ खाते?

बॅशमध्ये याची सोय आहे. बॅशआरसीच्या अगदी वर दोन ओळी टाका. पहिली: पीएस फोर, बरोबर, एकेरी अवतरणात डॉलर आणि कॅपिटलमध्ये ईपॉकरिअलटाइम, मग एक स्पेस. दुसरी: सेट, स्पेस, डॅश एक्स. फाईलच्या शेवटी सेट, स्पेस, प्लस एक्स. आता नवीन शेल उघडलात की चालणारी प्रत्येक ओळ तिच्या वेळेसकट पडद्यावर येईल. दोन वेळांमध्ये जिथे मोठी उडी दिसते, तिथे चोर आहे. वेळ सांगणारी ही सोय बॅश ५.० पासूनची आहे, म्हणजे २०१९ पासून. टर्मक्समधला बॅश त्याहून नवा असतो. झेडशेल वापरत असाल तर त्यात झेडप्रॉफ नावाचं मोड्यूल आहे, ते कुठल्या फंक्शनने किती वेळ घेतला याचा तक्ता देतं.

काम झालं की या ओळी काढून टाका.

एकच काम दोनदा

सगळ्यात सोपी चूक म्हणजे अख्खी बॅशआरसीच दोनदा चालणं. कुठल्या तरी दुसऱ्या स्टार्टअप फाईलमधून ती एकदा बोलावलेली असते, आणि आपण प्रोफाइल फाईल तयार करून तिथूनही बोलावतो. तपासायला डोकं लावायची गरज नाही. बॅशआरसीच्या पहिल्या ओळीत इको करून "आलो" असं छापा. टर्मक्स उघडल्यावर "आलो" दोनदा दिसलं, तर एक बोलावणं काढून टाका. वेळ तिथल्या तिथे जवळपास निम्मा.

याचाच भाऊ म्हणजे पाथ. पाथ ही फोल्डरांची यादी, तुम्ही कमांड दिली की शेल ती यात शोधतो. बॅशआरसीत आपण लिहितो, जुना पाथ अधिक माझं फोल्डर. आता शेलमधून टीमक्स, टीमक्समधून शेल, असं आत आत गेलं की तेच फोल्डर यादीत परत परत जोडलं जातं. इको करून पाथ बघा, एकच नाव तीनदा दिसेल. यात वेळ फार जात नाही, पण चुकीचं नाव टाइप केलं की शेल तीच जागा तीनदा धुंडाळतो. जोडण्याआधी हे फोल्डर यादीत आहे का एवढं विचारा. केस वापरून ही तपासणी शेल स्वतःच करतो.

तिसरा भाऊ एसएसएच एजंट. पुष्कळ जण तो बॅशआरसीतून सुरू करतात. म्हणजे दहा सेशन उघडली तर दहा एजंट मागे चालू, आणि सेशन बंद केलं तरी ते तिथेच. फोनवर हे जास्त महागात पडतं. अँड्रॉइड १२ पासून ॲप्सनी मागे सुरू केलेल्या अशा प्रोसेसवर मर्यादा आली आहे, सगळ्या ॲप्सच्या मिळून ३२. त्याच्या वर गेलं की अँड्रॉइड त्यांना मारायला लागतं. चालू काम अचानक बंद पडून "सिग्नल ९" असा निरोप कधी दिसला असेल, तर त्याचं एक कारण हे असू शकतं. एजंट रोज लागत नाही, गिट पुश करताना लागतो. त्याचंही फंक्शन करा.

शेलला जे येतं ते बाहेरून करून घेऊ नका

आता बॅशआरसीत डॉलर आणि कंस अशी जोडी शोधा. डॉलर-कंसात कमांड लिहिली की शेल आपली एक नक्कल तयार करतो, बहुतेक वेळा त्या नकलेच्या जागी दुसरा प्रोग्रॅम चढतो, त्याच्या लायब्ररी जोडल्या जातात, तो दोन अक्षरं छापतो आणि मरतो. एकदा केलं तर कळतही नाही. फाईलमध्ये तीस वेळा केलं की स्वस्त फोनवर डोळ्याला दिसायला लागतं.

उदाहरण. सकाळ की संध्याकाळ बघून "राम राम" छापायला लोक डेट चालवतात. बॅशच्या स्वतःच्या प्रिंटएफला तास विचारता येतो, दुसरा प्रोग्रॅम लागत नाही. पत्त्यातलं शेवटचं नाव काढायला बेसनेम चालवतात. तेच काम महिरपी कंसात दोन हॅश आणि तारा वापरून शेलच करतो. फाईलमधला मजकूर घ्यायला कॅट चालवतात. डॉलर-कंसात कॅटऐवजी डावीकडे तोंड असलेला बाण आणि फाईलचं नाव दिलं तरी तेच मिळतं.

आणि ते रंगीबेरंगी मोठ्या अक्षरांतलं नाव. राग येऊ देऊ नका, मीही लावलं होतं. अक्षरं मोठी करणारा एक प्रोग्रॅम, त्याला रंग देणारा दुसरा. रंग देणारा बऱ्याचदा रुबी किंवा पायथनमध्ये लिहिलेला असतो. म्हणजे तुमचं नाव रंगवण्यासाठी दर वेळी अख्खा इंटरप्रिटर उठतो. नाव रोज बदलतं का तुमचं? मग एकदा चालवा, आउटपुट एका फाईलमध्ये साठवा, आणि उघडताना फक्त ती फाईल दाखवा. काही प्रोग्रॅम फाईलमध्ये लिहिताना रंग गाळतात, तेव्हा त्यांचा रंग सक्तीने ठेवायचा पर्याय बघा.

एकदा करून ठेवा

नंदुरबारला पथारीवर लाल मिरची वाळत घातलेली आपण बघतो. गिऱ्हाईक दारात आल्यावर कोणी मिरची वाळवायला घेत नाही. शेलमध्ये मात्र आपण नेमकं तेच करतो.

झॉक्साइडसारखी टूल्स सांगतात, ही इव्हलची ओळ बॅशआरसीत टाका. त्या ओळीचा अर्थ असा: दर वेळी आमचा प्रोग्रॅम चालव, तो शेलसाठी एक स्क्रिप्ट छापेल, ती वाच. पण टूल अपडेट होत नाही आणि पर्याय बदलत नाहीत तोवर ती स्क्रिप्ट तीच असते. मग एकदा हाताने झॉक्साइड, इनिट, बॅश चालवा, आउटपुट उजव्या बाणाने एका फाईलमध्ये टाका. बॅशआरसीत इव्हलच्या जागी सोर्स आणि त्या फाईलचं नाव. प्रोग्रॅम चालवणं वाचलं, नुसतं वाचन उरलं.

साठवलेली फाईल एकदा उघडून बघा मात्र. काही टूल्सच्या स्क्रिप्टमध्ये पुन्हा त्याच टूलला हाक मारणारी एकच ओळ असते. ती साठवून हाती काही लागत नाही. पूर्ण स्क्रिप्ट छापायचा वेगळा पर्याय त्या टूलला आहे का ते बघावं लागतं.

झेडशेलवाल्यांसाठी हेच काम कॉम्पइनिट करतो. टॅब दाबल्यावर येणाऱ्या सूचनांची माहिती तो झेडकॉम्पडंप नावाच्या फाईलमध्ये साठवतो, पण ती ताजी आहे का हे दर वेळी तपासतो. डॅश कॅपिटल सी दिलं की ही तपासणी वगळली जाते.

शिळं झालं तर?

आता खरी अडचण. साठवलेलं शिळं होतं.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या जिल्ह्यात दिला गेला, हे बहुतेकांना माहीत आहे. शहादा तालुक्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०. कल्पना हीच की बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा एकदा घेऊन ठेवायच्या, नंतर फक्त जुळवून बघायचं. पण लहान मुलांचं काय? पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत. पाच वर्षं झाली की घ्यायचे, आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. म्हणजे साठवण्यासोबतच, हे परत कधी घ्यायचं तेही ठरवून ठेवलंय. हा दुसरा नियम नसता, तर पहिल्याने लोकांचे हालच केले असते.

शेलमध्येही तसंच. बरेच जण सांगतात, टूलची तारीख आणि साठवलेल्या फाईलची तारीख ताडून बघा. टूल नवं असेल तर फाईल परत बनवा. डॅश एनटी नावाची तपासणी आहे, ती शेल स्वतः करतो, स्वस्त आहे. पण टर्मक्समध्ये इथे एक खड्डा आहे. पॅकेजमधून आलेल्या फाईलवर तारीख पडते ती पॅकेज तयार झाल्याची, तुमच्या फोनवर बसवल्याची नाही. समजा पॅकेज एक तारखेला तयार झालं, तुम्ही जुन्या टूलवरून पाच तारखेला फाईल साठवली आणि दहा तारखेला अपडेट घेतलं. नवं टूल एक तारीख दाखवणार. शेल म्हणणार, माझी फाईल पाच तारखेची, म्हणजे माझीच ताजी. आणि जुनी स्क्रिप्ट नव्या टूलसोबत चालत राहणार. मग काहीतरी विचित्र बिघडतं आणि दोन दिवस कारण सापडत नाही.

म्हणून सोपा उपाय: पॅकेज अपग्रेड आणि साठवलेल्या फाईली परत बनवणं, ही दोन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये बांधा. अपग्रेड नेहमी त्यातूनच करा. तारखांवर विसंबायची गरजच उरत नाही. आणि पासवर्ड, टोकन असलं काही या फाईलींत कधीच साठवू नका.

हात लावण्याआधी

बॅशआरसीची एक प्रत काढून ठेवा. बदल केल्यावर बॅश, डॅश एन आणि फाईलचं नाव द्या. फाईल न चालवता तो व्याकरणाच्या चुका सांगतो. इतकं करूनही शेल उघडेनासा झाला तर घाबरू नका. टर्मक्समध्ये डावीकडचा ड्रॉवर ओढा, न्यू सेशनचं बटण दाबून धरा, फेलसेफ निवडा. तुमची बॅशआरसी न वाचता शेल मिळेल, जुनी प्रत परत जागेवर ठेवा.

आणि कुठे थांबायचं तेही ठरवा. बोटाखाली लगेच उघडतंय असं वाटलं की पुरे. पुढचे चार-पाच मिलिसेकंद वाचवायला अख्खी रात्र घालवलीत, तर ती रात्र कुठल्याच कॅशमधून परत येणार नाही.

आपल्या श्रोत्याने हवामान काढलं, रंगीत नाव फाईलमध्ये साठवलं, दोनदा चालणारी बॅशआरसी एकदा केली. परवा परत नोट आली. मागे कोंबड्याचा आवाज होता, म्हणजे घरूनच बोलत होता. म्हणाला, "दादा, आता टर्मक्स माझ्या आधी तयार असतं." हप्ता लागला नाही. फोन तोच आहे.

तुम्हीही आज रात्री ती एक कमांड चालवा: टाइम, बॅश, डॅश आय, डॅश सी, एक्झिट. तिन्ही ओळी आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी ओळ मला पाठवा. फक्त पाठवण्याआधी फाईलमध्ये पासवर्ड राहिलेला नाही ना, ते बघा. भेटू पुढच्या भागात. राम राम.